अपडेटनंतर लॅपटॉप सुरूच होत नाही, कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतोय. फाइली वाचतील का?

मुद्रितशोधक

मंडळी, हे फोनवरून लिहितेय, कारण लॅपटॉप काल रात्रीपासून उघडतच नाहीये. शक्य तेवढं नीट सांगते.

लॅपटॉपवर डेबियन घराण्यातली लिनक्स आहे, गेली चार वर्षं तीच वापरतेय. काल रात्री काम संपल्यावर अपडेट लावून दिलं. मध्येच जागा अपुरी असल्याचा काहीतरी संदेश येऊन गेला. डिस्कवर शंभर जीबीच्या वर जागा मोकळी आहे हे मला माहीत होतं, त्यामुळे तो मी नीट वाचला नाही. शेवटी मशीन पुन्हा सुरू करा म्हणाला, मी केलं, आणि तेव्हापासून हे असं आहे.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकतात आणि थांबतात. शेवटची ओळ कागदावर उतरवून घेतली, उच्चाराप्रमाणे देते: ‘कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’. त्यानंतर कॅप्स लॉकचा दिवा सारखा लुकलुकत राहतो. कुठलीही कळ दाबली तरी काही होत नाही. पॉवरचं बटण दाबून धरलं की बंद होतो, पुन्हा चालू केला की तेच. चार वेळा करून पाहिलं. माउस, पेनड्राइव्ह, सगळं काढून पाहिलं.

आणखी एक गोष्ट, महत्त्वाची आहे की नाही कळत नाही. माझी डिस्क कुलूपबंद आहे, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली. रोज सुरू करताना सगळ्यात आधी तिचा पासवर्ड विचारला जातो. काल रात्रीपासून तो विचारतच नाही, त्याच्या आधीच सगळं थांबतं.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. एका मोठ्या ग्रंथाची अकरा प्रकरणं तपासून झालीत, बाराव्याच्या मध्यावर आहे. शेवटची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली त्याला अठरा दिवस झाले. त्या अठरा दिवसांत लेखकाशी फोनवर बोलून एकेक शंका सोडवलीय. त्या नोंदी फक्त याच लॅपटॉपवर आहेत. घरातले म्हणतात की फॉरमॅट करून नव्याने टाक. माझं मन होत नाही. मला आधी एवढंच कळायला हवं: फाइली आत सुखरूप असतील का? आणि त्यांना धक्का लागणार नाही असं मी काय करून पाहू शकते?

वाटसरू

‘अननोन-ब्लॉक’ म्हणजे डिस्क ओळखलीच जात नाहीये. डिस्क गेली असण्याची शक्यता धरून चला. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्याच्यावरून लिनक्स थेट चालते) मशीन सुरू करा, होम फोल्डर उचलून बाहेरच्या डिस्कवर टाका आणि सिस्टिम नव्याने टाकून मोकळ्या व्हा. तासाभराचं काम आहे. कारण शोधत बसण्यात वेळच जास्त जातो.

जुना पहारेकरी

ताई, थांबा. काहीही फॉरमॅट करू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तुमच्या फाइलींना कुणी हातही लावलेला नाही. पासवर्ड विचारत नाही ही जी गोष्ट तुम्ही शेवटी लिहिलीत ना, सगळ्यात मोठा धागा तोच आहे.

लॅपटॉप चालू केला की आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं. ते ग्रबला, म्हणजे सिस्टिम चढवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, उठवतं. ग्रब डिस्कवरच्या ‘बूट’ नावाच्या विभागातून दोन फाइली मेमरीत चढवतो: एक कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, दुसरी त्याची इनिटरॅमएफएस. ही दुसरी फाइल म्हणजे कर्नलने प्रवासाला निघताना सोबत घेतलेली शिदोरी समजा. डिस्क ओळखायचे ड्रायव्हर, कुलूप उघडायचा प्रोग्रॅम, पासवर्ड विचारणारा तो पडदा, सगळं तिच्यात असतं. एकट्या कर्नलला तुमची कुलूपबंद डिस्क उघडता येत नाही. तुम्हाला पासवर्ड विचारला गेला नाही, याचा अर्थ शिदोरी पोचलीच नाही. कर्नल रिकाम्या हाताने निघाला आणि दारात उभा राहून ओरडला.

त्या ओळीतली दोन शून्यंही तेच सांगतात. तिथे डिस्कच्या विभागाचा क्रमांक येतो. ८,१ किंवा असे काही आकडे असते तर मी डिस्कची किंवा तिच्यावरच्या फाइलव्यवस्थेची चौकशी आधी केली असती. ०,० म्हणजे कर्नलच्या हाती कुठलाच विभाग नाही. आणि कॅप्स लॉकचा दिवा कर्नल स्वतः लुकलुकवतो, आपण थांबलोय हे कळवायला. म्हणजे कर्नल चढला, चालला, आणि मग थांबला. प्रोसेसर, मेमरी वगैरे ठीक असल्याची ती खूण धरा.

बटण दाबून चार वेळा बंद केलंत त्याचीही काळजी नको. डिस्कचं कुलूप उघडलंच नव्हतं, तर आतलं बिघडणार काय.

वाटसरू, राग मानू नका, पण गेलेली डिस्क ग्रब आणि कर्नल एवढ्या निमूटपणे वाचू देत नाही.

आता करायचं ते असं. अपडेटने नवा कर्नल टाकला तरी जुना लगेच काढून टाकत नाही, तो शेजारीच असतो. मशीन चालू करा आणि कंपनीचं चिन्ह दिसलं की एस्केप कळ एकदा दाबा. मशीन जुन्या पद्धतीच्या बायोसचं असेल तर शिफ्ट दाबून धरा. ग्रबची यादी दिसेल. एस्केप जास्त वेळा दाबली गेली तर नुसतं ‘ग्रब’ लिहिलेला रिकामा पडदा येतो. आला तर घाबरू नका, बंद करून पुन्हा प्रयत्न करा. यादीत दुसरी ओळ ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ची असेल. तिच्यात शिरा. वरचा, सगळ्यात नवा क्रमांक सोडून त्याच्या खालचा निवडा. प्रत्येक क्रमांकाची एक ‘रिकव्हरी’वाली जोड असते, ती नको, साधी ओळ घ्या. काय दिसतं ते इथे लिहा.

मुद्रितशोधक

दादा, उघडला!

तिसऱ्या प्रयत्नात यादी दिसली. आत चार क्रमांक होते, शेवटचे आकडे ४७, ४५, ४४ आणि ४१. मी ४५ घेतला. पडदा दोन-तीन सेकंद काळाच राहिला आणि मग ती ओळखीची चौकट आली, ‘डिस्कचा पासवर्ड द्या’. माझी बोटं इतकी थरथरत होती की पहिल्यांदा पासवर्ड चुकला. दुसऱ्यांदा बरोबर पडला आणि माझा नेहमीचा पडदा समोर आला, बाराव्या प्रकरणाची फाइल जिथे ठेवली होती तिथेच.

सगळ्यात आधी पूर्ण होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर काढलं. त्यातली तीन प्रकरणं तिथून उघडून शेवटच्या पानापर्यंत तपासली. त्या अठरा दिवसांच्या नोंदीही पाहिल्या. सगळं आहे. मग इथे लिहायला बसले.

टर्मिनलमध्ये डीएफ ही मोकळी जागा दाखवणारी आज्ञा चालवून पाहिली. मोठ्या विभागात खरंच शंभर जीबीच्या वर मोकळे आहेत. पण बूट हा वेगळाच विभाग निघाला, एकूण ४८८ एमबी, वापर ९७ टक्के, शिल्लक फक्त १५ एमबी. काल जागा अपुरी म्हणत होता ती ही जागा का? बूटमधल्या फाइलींची यादी काढली, तर कर्नलच्या फाइली चार आहेत आणि इनिटआरडी नावाच्या तीनच. ४७ ची नाही. बाकीच्या प्रत्येकी ११५ एमबीच्या आसपास आहेत.

आता बूटमधल्या जुन्या फाइली मी हाताने उडवल्या तर चालेल का? ४१ आणि ४४ तर लागत नाहीत.

जुना पहारेकरी

आधी प्रत काढलीत आणि ती उघडूनही पाहिलीत, फार बरं वाटलं वाचून. बरेच जण प्रत काढतात, पण उघडून बघत नाहीत.

होय, काल तक्रार याच जागेची होती. डिस्क कुलूपबंद करताना बूट विभाग सहसा बाहेर, वेगळा ठेवला जातो, कारण ग्रबला तो पासवर्डाविना वाचता यायला हवा. तेव्हा तो पाचशे एमबीच्या आसपास ठेवला की पुरेसा वाटायचा. पुढे ग्राफिक्स कार्डांची फर्मवेअर इनिटआरडीत, म्हणजे त्याच इनिटरॅमएफएसच्या फाइलीत, भरली जाऊ लागली आणि ती फुगत गेली. तुमच्याकडे १५ एमबी शिल्लक होते आणि नव्या फाइलीला हवे होते ११५. कर्नल मावला, त्याची शिदोरी मावली नाही. नंतर कधीतरी ग्रबची यादी नव्याने बनली आणि तिच्यात ४७ बिनशिदोरीचाच नोंदला गेला.

हाताने उडवू नका. फाइल गेली तरी पॅकेजांची नोंदवही म्हणत राहते की ४१ बसवलेला आहे. पुढच्या कुठल्याशा अपडेटमध्ये त्याची इनिटआरडी पुन्हा बनू शकते आणि जागा पुन्हा भरू शकते. पॅकेज काढलं की फाइली, नोंद आणि ग्रबच्या यादीतली ओळ, तिन्ही एकत्र जातात.

पहिल्यांदा ‘यूनेम -आर’ चालवा आणि आत्ता कुठल्या कर्नलवर आहात ते डोळ्यांनी पाहा. ४५ दिसायला हवा. जो चालू आहे त्याला अजिबात हात लावायचा नाही. मग एपीटीचं, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमचं, ऑटोरिमूव्ह (आता नको असलेली पॅकेजं काढणं), पर्जसकट (त्यांची सेटिंगही पुसून). काय काय काढणार आहे याची यादी तो आधी दाखवतो. ती वाचल्याशिवाय होकार देऊ नका.

काहीच काढत नसेल किंवा अर्धवट कामाची तक्रार करत असेल, तर ४१ चं पॅकेज नाव घेऊन डीपीकेजीने (हा एपीटीच्या खालचा प्रोग्रॅम) पर्ज करा. त्याच्यावर अवलंबून असलेलं जोडपॅकेज आधी काढ असं म्हणाला तर तेही ४१ चंच आहे ना एवढं बघून काढा. मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, म्हणजे काल अडकलेलं काम तो पूर्ण करेल. त्याच वेळी ४७ ची इनिटआरडी बनेल. मग अपडेट-ग्रब, म्हणजे ग्रबची यादी नव्याने बनेल.

आणि मशीन लगेच बंद करू नका. बूटची यादी पुन्हा काढून ४७ ची इनिटआरडी आहे का, तिचा आकार बाकीच्यांच्या जवळपास आहे का हे पाहा. दहा-वीस एमबीचीच दिसली तर ती अर्धवट आहे. तसं झालं तर पुन्हा सुरू न करता इथे लिहा.

निळी शाई

मधेच बोलते, कारण मी यातूनच गेलेय, फक्त माझ्याकडे एकही जुना कर्नल उरला नव्हता. जागा करायच्या घाईत सगळे जुने उडवून बसले होते. कुणी हा धागा शोधत येईल आणि त्याची तीच गत असेल, म्हणून लिहून ठेवते.

तेव्हा वाटसरू म्हणतात तसा लाइव्ह पेनड्राइव्हच लागतो, पण फॉरमॅट तरीही लागत नाही. पेनड्राइव्हवरून सुरू करायचं, कुलूपबंद विभाग क्रिप्टसेटअपने उघडायचा, मूळ विभाग जोडायचा, त्याच्यात बूट जोडायचा, डेव्ह, प्रॉक आणि सिस ही फोल्डरं बाइंड करायची आणि सीएचरूटने आत शिरून इनिटरॅमएफएस पुन्हा बनवायची. आज्ञा कुठेही मिळतात. एक खाच मात्र कुणी सांगितली नाही आणि माझी सबंध रात्र तिच्यात गेली.

विभाग उघडताना त्याला एक नाव द्यावं लागतं. मी मनाला येईल ते दिलं. सगळं सुरळीत झालं, इनिटरॅमएफएस बनली, मशीन सुरू केलं, आणि पुन्हा पासवर्ड विचारलाच नाही. तीन वेळा हेच. पहाटे लक्षात आलं की ईटीसीमधल्या क्रिप्टटॅब फाइलीत त्या विभागाचं जे नाव लिहिलंय, नेमक्या त्याच नावाने तो उघडायला हवा. नाव जुळलं नाही तर बनवणाऱ्या प्रोग्रॅमला ही डिस्क कुलूपबंद आहे हे कळतच नाही, आणि तो कुलूप उघडायचं सामान आत भरत नाही. फक्त एक ओळीचा इशारा देतो, जो मी तिन्ही वेळा वाचला नव्हता. चौथ्या वेळी क्रिप्टटॅबमधून नाव अक्षर न अक्षर उतरवून घेतलं आणि मशीन सुरू झालं.

आणि ताई, अपडेटनंतर मशीन सुरू न होणं म्हणजे सगळं गेलं असं नसतं. १९ जुलै २०२४ ची गोष्ट आठवतेय ना? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि जगभरात विंडोजची यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. मायक्रोसॉफ्टचाच अंदाज ८५ लाख यंत्रांचा होता. विमानतळांवर रांगा लागल्या. पण बहुतेक यंत्रांच्या डिस्कवरचा मजकूर जागच्या जागी होता. सेफ मोडमध्ये जाऊन फाइलींचा एक गट काढला की यंत्र सुरू होत होतं. खरी अडचण झाली ती विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या डिस्कांची, कारण आत शिरायला ४८ अंकी रिकव्हरी की हवी होती आणि कित्येकांना ती कुठे ठेवलीय हे सापडत नव्हतं. तुमचा पासवर्ड तुमच्या डोक्यात आहे. तरी एकदा कागदावर लिहून कुठेतरी जपून ठेवा.

मुद्रितशोधक

सगळं झालं. क्रमाने लिहिते, मधे जिथे अडले तेही.

यूनेमने ४५ च सांगितला. ऑटोरिमूव्हने काहीच काढलं नाही. आधीचं काम अर्धवट आहे म्हणाला, ते पूर्ण करायला गेले तर पुन्हा जागा नाही. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत होते. मग दादांनी सांगितलं तसं ४१ थेट पर्ज केला. त्याने एक जोडपॅकेज आधी काढायला लावलं, नावात ४१ आहे याची खात्री करून काढलं.

पुढचं कॉन्फिगर चालू असताना मी पडद्यासमोरून उठले नाही. ‘४७ साठी इनिटआरडी बनवत आहे’ अशा अर्थाची ओळ आली आणि बराच वेळ तिथेच होती. एरवी मी अशा वेळी दुसऱ्या खिडकीत काम करत असते. आज एकेक ओळ प्रूफ वाचावं तशी वाचली. चूक एकही नव्हती. बूटची यादी काढली: ४१ गेल्यामुळे आता तीन कर्नल, तीन इनिटआरडी. ४७ चीही ११५ एमबीच्या आसपास.

मग मशीन बंद केलं, एक मिनिट थांबले आणि चालू केलं. ग्रबला हात लावला नाही. पासवर्डची चौकट आली! ४७ वर सुरू झाला, वायफाय, आवाज, सगळं ठीक आहे.

निळी शाई, पासवर्ड लिहून ठेवलाय. तुमची ती पहाटेची गोष्ट वाचताना अंगावर काटा आला. इशाऱ्याची ओळ न वाचण्याची चूक मीही केली होती, आणि माझं तर पोट ओळी वाचण्यावर चालतं.

दोन शंका राहिल्या. आता शिल्लक ३८ एमबी आहेत. हे पुरेल का? आणि एका ठिकाणी वाचलं की इनिटरॅमएफएसच्या सेटिंगमध्ये ‘मॉड्यूल्स’च्या पुढे ‘मोस्ट’ऐवजी ‘डेप’ लिहिलं तर फाइल बरीच लहान होते. करू का?

जुना पहारेकरी

३८ पुरणार नाहीत. इनिटआरडी नव्याने बनते तेव्हा जुनीवर लिहिली जात नाही. आधी शेजारी नवी फाइल तयार होते, ती पूर्ण झाली की मग जुनीची जागा घेते. म्हणजे नवा कर्नल आला नाही तरी, नुसतं फर्मवेअरचं अपडेट आलं तरी, एका इनिटआरडीएवढी जागा मोकळी लागते. तुमच्या बाबतीत ११५. आत्ता जे झालं ते पुढच्याच अपडेटला पुन्हा होऊ शकतं. ४७ वर तीन-चार दिवस काम करून बघा, झोपवून उठवून बघा, प्रिंटर जोडून बघा. ठीक वाटलं की ४४ काढा. ४५ राहू द्या, तो तुमचा परतीचा रस्ता आहे.

ऑटोरिमूव्ह पुढेही जुने कर्नल काढणार नाही अशी मला शंका आहे. एखादा कर्नल कधीतरी नाव घेऊन मुद्दाम बसवला असेल तर त्याच्यावर ‘हाताने बसवलेला’ असा शिक्का बसतो, आणि तसे कर्नल तो आपणहून काढत नाही. ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’ चालवून पाहा. यादीत असे क्रमांक दिसले तर ४५ आणि ४७ वरचा शिक्का ‘ऑटो’ करून टाका, म्हणजे पुढची साफसफाई तो स्वतः करेल.

‘डेप’चा मोह टाळा असं मी म्हणेन. त्याने खरंच फाइल लहान होते, कारण आत्ता या मशीनला जे लागतं तेवढंच आत भरलं जातं. पण उद्या हा लॅपटॉप बिघडला आणि डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तर त्या मशीनचे ड्रायव्हर आत नसतील आणि तुम्ही पुन्हा त्याच पडद्यावर याल. तुमच्या कामाला ते परवडणारं नाही. दोन कर्नलमध्ये भागत असताना कशाला?

वाटसरू

पहारेकरी, राग कसला. मी घाईने डिस्कवर ठपका ठेवला होता. ०,० चा अर्थ मला माहीत नव्हता, आज कळला. माझ्याही मशीनवर बूट बघितला, ९४ टक्के भरलाय. आज अपडेट लावणारच होतो, आधी तो मोकळा करतो.

मुद्रितशोधक

पाच दिवसांनी लिहितेय. शोमॅन्युअलच्या यादीत ४७ नव्हता, पण ४४ आणि ४५ दोन्ही होते. कधीकाळी वायफाय चालत नव्हता तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून मी ते नाव घेऊन बसवले होते, आता आठवतंय. शिक्का बदलला. काल ४४ काढला. बूटचा वापर ६१ टक्क्यांवर आलाय, शिल्लक १७६ एमबी.

आज सकाळी एक छोटं अपडेट आलं. आधी बूट पाहिला, मग बाहेरच्या डिस्कवर प्रत काढली, मग लावलं. पासवर्डची चौकट लगेच आली.

बारावं प्रकरण काल रात्री संपलं, तेरावं उघडलंय.